मुलींच्या टीमला महिला कोच का मिळत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 12 वर्षांची आहे, व्हॉलीबॉल खेळते, टीम मुलींची पण कोच, असिस्टंट, फिटनेसवाले सगळे पुरुष, आणि क्लबला विचारलं तर म्हणाले "बायका यायलाच तयार नसतात". हे खरं आहे का आणि मुलीसाठी महिला कोच शोधावी का, असे तुमचे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर, नाही, खरं नाही. हे वाक्य मी स्वतः खेळत होते तेव्हापासून ऐकतेय. आणि बहुतेक वेळा ते म्हणणाऱ्याच्या क्लबातच एखादी बाई असते जी रोज सकाळी ग्राउंडवर मुलींकडून अंडरहँड पास घोटून घेत असते, फक्त तिला कोणी कोच म्हणत नाही.

मी ती बाई होते, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी सेटर म्हणून खेळले, म्हणजे स्मॅश मारणारीला चेंडू वर उचलून देणारी. खेळणं थांबल्यावर जुन्या क्लबच्या सरांनी बोलावून घेतलं, मुलींच्या बॅचकडे जरा बघा म्हणून. सरांचं लक्ष मोठ्या मुलांच्या टीमवर, मुलींकडे आठवड्यातून एखादी चक्कर. बाकी सगळं माझ्याकडे. नेट बांधायचं इथपासून ते कोणाला सेटर करायचं, ब्लॉकला मधे कोण उभी राहील, सर्व्हिस घेताना कोण घाबरते, घरून कोणाला सोडत नाहीत म्हणून कोणाच्या आईशी बोलायचं, इथपर्यंत. उडी मारून खाली येताना काही मुलींचे गुडघे आत वळायचे, ते मी आधी पाहिलं आणि त्यावर महिनोन्‌महिने काम करून घेतलं. हे किरकोळ काम नाहीये. उडी आणि अचानक वळणं असलेल्या खेळांत गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट तुटायचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या किमान दुप्पट असतं, काही अभ्यासांत त्याहून खूप जास्त निघालंय, आणि नीट खाली यायला शिकवलं, वॉर्मअपमध्येच ते व्यायाम घातले तर हे प्रमाण बरंच कमी होतं. मुलांना शिकवलेलंच मुलींना थोडं कमी करून शिकवायचं, असं करून चालत नाही.

मग बाहेरगावची स्पर्धा आली. एंट्री फॉर्म क्लबच्या ऑफिसात भरला जायचा, आम्हाला कोणी दाखवायचं नाही. त्यावर प्रशिक्षक म्हणून सरांचं नाव आणि माझं व्यवस्थापक म्हणून. म्हणजे मुलींच्या खोलीची चावी माझ्याकडे, सॅनिटरी पॅड माझ्याकडे, घरच्यांचे फोन माझ्याकडे, रात्री कोणाला ताप आला तर मी. आणि लाइनअपची चिठ्ठी, म्हणजे सेटला कोण कुठे उभी राहील ते लिहून द्यायचा कागद, सरांकडे. टीम मुलींची असली की सोबत एक बाई लागते म्हणून मी होते, खेळ कळतो म्हणून नव्हे.

सेमीफायनलच्या वेळी शेजारच्या कोर्टवर मुलांचीही मॅच होती. पहिला सेट आम्ही घेतला आणि सर तिकडे गेले. दुसऱ्या सेटला समोरच्या टीमला कळलं की आमची डावीकडची मागची मुलगी सर्व्हिस घेताना कच्ची आहे, त्यांनी तिच्यावरच मारायला सुरुवात केली. पॉइंट जातायत, परत तिच्यावरच, परत पॉइंट. मला दिसतंय, तिला एक पाऊल मागे घेऊन शेजारचीला थोडं आत सरकवलं की संपलं, प्रॅक्टिसला आम्ही हे कितीदा केलेलं होतं. पण टाइमआऊट कोच मागू शकतो आणि कोच नसेल तर कॅप्टन, बाकी कोणी नाही. आमची कॅप्टन 14 वर्षांची पोरगी, ती रेफरीकडे बघेना, सारखी शेजारच्या कोर्टकडे बघत होती सर येतात का. मी दोरीच्या मागून ओरडून सांगितलं तर सेकंड रेफरी आले, म्हणाले मॅडम तुमचं नाव कोच म्हणून नाहीये, बोलू नका, बेंचपासून लांब थांबा. त्यांचं काही चुकलं नाही, नियम तसाच आहे. सेट गेला, मॅच गेली. सर आले आणि मुलींना म्हणाले तुम्ही मनाने हरलात. जिच्यावर सर्व्हिस मारल्या ती पोरगी गाडीत शेवटपर्यंत रडत होती, आणि पुढच्या सीझनला ती आलीच नाही. तिच्या मनाला काय झालं होतं ते मला माहीत आहे, तिला मदत करायला बेंचवर कोणी नव्हतं एवढंच झालं होतं.

पुढचं ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे. मला कोचिंगचा कोर्स करायचा होता, त्याला स्पर्धेत कोच म्हणून काम केल्याचा दाखला लागत होता. मी सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, अहो मॅडम कागदाचं काय एवढं, काम तुम्हीच करता हे सगळ्यांना माहितीये. मी म्हटलं मग तसं लिहून द्या. तर म्हणाले रेकॉर्डला जे आहे तेच देता येईल. पुढे मुलींसाठी वेगळा कोच नेमायचं ठरलं, जाहिरातीत अट होती सर्टिफिकेट आणि अनुभव. नेमला गेला एक मुलगा, ज्याने मुलींची एकही टीम कधी हाताळली नव्हती. आणि सेक्रेटरी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले की आम्हाला बाईच हवी होती हो, पण एकही आली नाही. मी त्याच मीटिंगला बसले होते. तिथेच बोलले, त्यावर मला "वैयक्तिक घेऊ नका" असं उत्तर मिळालं.

तर बायका कमी नाहीत, त्यांचं काम कोचिंग म्हणून लिहिलंच जात नाही. काम लिहिलं नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून सर्टिफिकेट नाही, आणि मग "पात्र महिला उपलब्ध नाहीत". हे माझ्याच क्लबात झालं असं नका समजू. अमेरिकेत मायकेल मेस्नर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने लहान मुलांच्या लीग बारकाईने पाहिल्या, तिथेही तेच, मुलांचे वडील कोच होतात आणि आया "टीम मॉम", कोणी ठरवून करत नाही, विचारताना वडिलांना एक विचारतात आणि आयांना दुसरं.

पैशाचाही भाग आहेच. अमेरिकेत 1972 साली टायटल नाइन कायदा आला, शाळा-कॉलेजांत मुलींशी भेदभाव करायचा नाही असं सांगणारा, त्याच्या आधी कॉलेजातल्या मुलींच्या टीमच्या 90 टक्क्यांहून जास्त कोच बायका होत्या, कारण त्या कामाला मान नव्हता आणि पगारही नव्हता. पॅट समिट 1974 मध्ये टेनेसी युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच झाली तेव्हा टीमची व्हॅन तीच चालवायची आणि युनिफॉर्म तीच धुवायची (याच बाईने पुढे 1098 मॅच जिंकल्या). कायद्यामुळे मुलींच्या खेळात पैसा आला, पगार आले, आणि तेव्हा पुरुष आले. आता तिथे मुलींच्या टीमच्या कोचमध्ये बायका निम्म्याही नाहीत. वर तर अजून वाईट. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंत बायका जवळपास निम्म्या होत्या आणि कोचमध्ये 13 टक्के. 2023 च्या महिला फुटबॉल वर्ल्डकपला 32 टीम, महिला हेड कोच 12.

आणि संधी मिळाली की काय होतं तेही बघा. आमच्या खेळातली लांग पिंग, 1984 ला खेळाडू म्हणून चीनसाठी ऑलिंपिक गोल्ड, 2016 ला रिओमध्ये चीनची कोच म्हणून गोल्ड, मधे 2008 ला अमेरिकेच्या मुलींना सिल्व्हर मिळवून दिलं तेही चीनमध्येच. फुटबॉलमध्ये अमेरिकेच्या महिला टीमची कोच जिल एलिसने 2015 आणि 2019 असे लागोपाठ दोन वर्ल्डकप जिंकले. आणि शैलजा जैन! भारताच्या महिला कबड्डी टीमचं कोचपद त्यांना मिळालं नाही, इराणने बोलावलं, आणि 2018 च्या एशियन गेम्सच्या फायनलला त्यांच्या इराणच्या मुलींनी भारतालाच 27-24 ने हरवलं. तो निकाल मी आमच्या त्या सेक्रेटरींना पाठवला होता. उत्तर आलं नाही.

"बायकांना वेळ नसतो" यावर पण बोलते. प्रॅक्टिस संध्याकाळी, स्पर्धा सुट्टीच्या दिवशी, मानधन नावाला, आणि लहान मूल असेल तर त्याला कोण बघणार हा प्रश्न फक्त बाईलाच विचारतात. आमच्या सरांना दोन लहान मुलं होती, त्यांना कोणी कधी विचारलं नाही. सकाळची बॅच द्या, दोन जणींना मिळून एक टीम द्या, प्रवासाचे पैसे वेळेवर द्या, मग बघा येतात की नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शोधावी का, तर हो, माझ्या मते 12 ते 15 या वयात टीमसोबत एक तरी बाई कोच म्हणून असायलाच हवी. याच वयात पाळी सुरू होते, शरीर बदलतं, उडीची लय बिघडते आणि मुलगी समजते की आपला खेळच गेला, आणि याच वयात कितीतरी मुली खेळ सोडतात. हे पुरुष कोचला कळूच शकत नाही असं नाही, पण मुली त्याला सांगत नाहीत. शिवाय, मोठेपणी आपणही हे करू शकतो हे डोळ्यासमोर दिसावं लागतं.

पण म्हणून सध्याचा कोच चांगला असेल तर मुलीला तिथून काढू नका. मला सेट कसा द्यायचा ते एका पुरुष कोचनेच शिकवलं आणि त्यांच्याइतका संयम मी नंतर कोणात पाहिला नाही. बाई आहे म्हणून चांगलीच असेल असंही नाही, मुलींच्या वजनावरून सगळ्यांसमोर टोमणे मारणाऱ्या बायका कोचही मी पाहिल्यात. आणि सुरक्षिततेसाठी फक्त बाई आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका, कोणीही असो, बंद खोलीत एकट्या मुलीला थांबवायचं नाही आणि पालकांना प्रॅक्टिस बघता आली पाहिजे, हे दोन नियम क्लबात आहेत का ते विचारा.

क्लबात गेलात की "महिला कोच का नाही" असं विचारू नका, तेच जुनं उत्तर मिळेल. असं विचारा की शेवटचं कोणत्या बाईला विचारलं होतं, तिला काय काम देऊ केलं होतं, आणि पैसे किती. तुमच्या मुलीच्या टीममधल्या आयांपैकी कोणी खेळलेली आहे का बघा, असतेच एखादी, तिला "मदतीला या" म्हणू नका, "टीम घ्या" म्हणा, सुरुवातीला कोणाच्या तरी जोडीने घेऊ दे पण लाइनअपची चिठ्ठी काही सेट तरी तिने लिहायला हवी. आणि स्पर्धेचा एंट्री फॉर्म मागून बघा, तुम्ही पालक आहात, क्लबला सहज नाही म्हणता येणार नाही. ग्राउंडवर शिकवणाऱ्या बाईचं नाव व्यवस्थापकाच्या रकान्यात असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या, तिला काही वाटत नसलं तरी. फॉर्म जायच्या आधीच हे करा, स्पर्धा सुरू झाल्यावर नाव बदलून मिळत नाही.