गावी राहणाऱ्या आई-वडिलांसाठी चार्जिंगचा दिवा कोणता घ्यावा?

आपला प्रश्न असा आहे: गावी आई-वडील दोघेच राहतात, पावसाळ्यात वीज कधी तासभर तर कधी रात्रभर जाते, इन्व्हर्टर बसवायला वडील तयार नाहीत, तेव्हा दोन हजार रुपयांच्या आत त्यांना चार्जिंगचा कंदील घेऊन द्यावा की इमर्जन्सी लाइट? मी दापोली तालुक्यातील एका वाडीत राहतो. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे आणि शेजारपाजारचे बंद पडलेले दिवे उघडून पाहण्याची मला जुनी खोड आहे. तेवढ्याच अधिकारावर लिहितो. सर्व पैसे एकाच मोठ्या, झगझगीत दिव्यात घालू नका. वीज गेल्यावरची पहिली पाच मिनिटे आणि त्यानंतरची सारी रात्र या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि एकच दिवा या दोन्ही गरजा चांगल्या रीतीने भागवतो असे मी अद्याप पाहिलेले नाही.

प्रथम आई-वडिलांनाच विचारून घ्या, की वीज जाते ती साधारण किती वेळ जाते. आमच्याकडे जून-जुलैमध्ये वाऱ्याने फांदी तारेवर पडली, की दोन तास ते एक रात्र हा नित्याचा हिशेब असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा मात्र आमच्या वाडीत वीज परत यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मला जे कळले, ते आधीच्या पंधरा वर्षांत कळले नव्हते. सर्वांत तेजस्वी दिवा दुसऱ्या रात्रीच निरुपयोगी झाला, कारण त्याला चार्ज करण्यासाठी भिंतीवरचाच प्लग लागत असे. एक छोटा, मिणमिणता दिवा मोबाइलच्या चार्जरवर चालणारा होता. तो मोटारीतून, पॉवर बँकेतून आणि तालुक्याच्या गावी एका दुकानातील जनरेटरवरून चार्ज करून आणता येत होता, म्हणून शेवटपर्यंत टिकला.

आता दिव्याची ताकद कशी ओळखायची ते सांगतो. खोक्यावर ‘४० एलईडी’, ‘सुपर ब्राइट’, ‘१२ तास बॅकअप’ असे काहीबाही छापलेले असते. त्याकडे दुर्लक्ष करून बॅटरीचे व्होल्ट आणि एमएएच (मिलिअँपिअर-अवर; १००० एमएएच म्हणजे एक अँपिअर-अवर) हे दोन आकडे शोधा. एमएएचला १००० ने भागून व्होल्टने गुणले, की वॉट-अवर मिळतात, म्हणजे त्या दिव्याच्या पोटात किती वीज मावते ते कळते. २००० एमएएचचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असेल, तर २ गुणिले ३.७ म्हणजे ७.४ वॉट-अवर. त्यातील काही सर्किटमध्ये वाया जातात. हाती सहाच्या आसपास लागतात. याचा अर्थ २ वॉटचा प्रकाश तीन तास किंवा अर्ध्या वॉटचा प्रकाश बारा तास. खोक्यावरचे बारा तास खोटे नसतात, पण ते सर्वांत मंद प्रकाशाचे असतात, आणि खोक्यावरचे चित्र मात्र सर्वांत प्रखर प्रकाशाचे असते.

ज्या खोक्यावर हे दोन आकडेच नाहीत, ती वस्तू ठेवून द्या. आणि आकडे असले तरी थोडी शंका बाळगा. आमच्या शेजारच्या काकूंनी जत्रेतून आणलेला एक कंदील दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडला म्हणून मी उघडला. बाहेरच्या चिकटपट्टीवर ४००० एमएएच होते. आत निळ्या वेष्टणातील एकच सेल निघाला आणि त्याच्यावर १२०० छापलेले होते. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा जो सेल अशा बहुतेक दिव्यांत असतो, त्याची चांगल्यातील चांगली क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असते. तेवढ्याच आकाराच्या सेलवर ९९०० लिहिलेले दिसले, तर ते लिहिणाऱ्याची हिंमत समजावी. बॅटरीवर किंवा दिव्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहून घ्या. लिथियम सेलसाठीचे मानक आयएस १६०४६ हे आहे.

बॅटरीच्या जातीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आमच्याकडील निम्मे दिवे इथेच मरतात. जुन्या पद्धतीच्या, ट्यूब असलेल्या किंवा दोन मोठ्या पट्ट्यांच्या इमर्जन्सी लाइटमध्ये बंद डब्याची ॲसिडची बॅटरी असते. सहा व्होल्ट, साडेचार अँपिअर-अवरची अशी बॅटरी म्हटली तर २७ वॉट-अवरची, म्हणजे वर सांगितलेल्या लिथियम सेलच्या साडेतीन पट. ती तालुक्याच्या बाजारात सुटी मिळते आणि दोन स्क्रू काढून बदलता येते. हे तिचे गुण झाले. तिचा एकच दोष आहे, पण तो मोठा आहे: उपाशी राहणे तिला अजिबात सोसत नाही. रात्रभर दिवा वापरून पूर्ण रिकामा केला आणि ‘लाइट आली की लावू’ म्हणून कपाटावर ठेवून दिला, तर आतील शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि पुढे कितीही चार्ज केले तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. उलट, स्वस्त दिव्यांमध्ये चार्जिंग आपोआप थांबण्याची सोय नसते. असा दिवा महिनोन्‌महिने प्लगमध्येच राहिला, तर बॅटरी फुगते. म्हणजे ॲसिडच्या बॅटरीला रोज लक्ष देणारा माणूस लागतो. आपले वडील तसे असतील तर हा दिवा उत्तम चालेल. माझे वडील तसे नव्हते.

लिथियमचा सेल हलका असतो, अर्धवट भरलेला राहिला तरी कुरकुर करत नाही आणि नुसता ठेवून दिला तरी त्याची वीज फारशी गळत नाही. पण तोही पूर्ण रिकामा करून महिनोन्‌महिने तसाच ठेवू नये. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचा, ३.२ व्होल्टचा सेल मिळाला तर अधिक चांगले, कारण तो उष्णता सोसतो आणि हजारो वेळा चार्ज होऊ शकतो. कोणताही घेतला तरी दिव्याचे बूड स्क्रूने बसवलेले असावे; डिंकाने चिकटवलेला दिवा सेल संपताच फेकावा लागतो.

पहिल्या पाच मिनिटांसाठी मी ‘इन्व्हर्टर बल्ब’ सुचवेन. हा नेहमीच्या होल्डरमध्ये बसतो, वीज असताना साध्या बल्बसारखा जळतो आणि वीज गेली की आतल्या सेलवर आपोआप चालू राहतो. वय झालेल्या माणसांना अंधारात चाचपडत विजेरी शोधावी लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण त्याचे दोन-तीन स्वभाव माहीत असले पाहिजेत. खोक्यावर ९ वॉट लिहिलेले असते ते विजेवर. २२०० एमएएचचा सेल चार तास चालतो असा त्यांचाच दावा असेल, तर गणिताने तो बॅटरीवर दोन वॉटसुद्धा देत नाही हे आपल्या लक्षात येईल. शिवाय त्याचा स्विच चालू असतानाच तो चार्ज होतो आणि पूर्ण भरायला आठ-दहा तास घेतो. न्हाणीघरात पाच-पाच मिनिटे लागणारा बल्ब कधीच भरत नाही. ओटीवर किंवा जेवणघरात, जिथे रोज संध्याकाळी तीन-चार तास दिवा असतो, तिथेच तो लावावा.

दुसरी गोष्ट थोडी गमतीची आहे. हा बल्ब हातात धरून त्याच्या बुडाच्या दोन टोकांना बोटे लावली की तो पेटतो, हे मुले एकमेकांना दाखवत असतात. वीज गेली आहे की कोणी स्विच बंद केला आहे, हे बल्ब याच युक्तीने ओळखतो: त्याच्या दोन टोकांमध्ये बाहेरून काही वाट आहे का, ते तो तपासतो. स्विच चालू असेल, तर घरातील तारा, पंखा, फ्रिज, शेजारची घरे अशी कुठून तरी वाट मिळते आणि बल्ब पेटतो. स्विच बंद असेल तर वाट तुटते आणि तो विझलेला राहतो. आता कोकणात विजा कडकडू लागल्या की आपण काय करतो? आधी मेन स्विच पाडतो. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांची जोडणी तुटते, बाहेरची वाट बंद होते, आणि ज्या क्षणासाठी बल्ब आणला त्याच क्षणी तो डोळे मिटून बसतो. आमच्याकडे दोन पावसाळे ‘बल्ब खराब निघाला’ अशी समजूत होती. यावर उपाय सोपा आहे: मेन पाडला तरी घरातील एका साध्या पंख्याचा स्विच चालूच ठेवायचा, म्हणजे त्याच्या गुंडाळीतून वाट राहते. वडिलांना कारण सांगितले नाही तरी चालेल, पण करून दाखवा.

उरलेल्या रात्रीसाठी कंदील हवा. त्यात प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय असणे मी तेजापेक्षा महत्त्वाचे मानतो, कारण झोपताना कोपऱ्यात अर्ध्या वॉटचा उजेड पुरतो आणि तोच रात्रभर टिकतो. चांगला एलईडी एका वॉटला शंभराच्या आसपास ल्युमेन (प्रकाश मोजण्याचे एकक) देतो. दीड-दोन वॉटचा कंदील पांढऱ्या भिंतीजवळ, डोळ्यांच्या पातळीच्या वर टांगला, तर चार माणसांचे जेवण त्यात आरामात होते. म्हणून वर कडी असलेला घ्या आणि खुंटी आधी ठोकून घ्या. रंग पिवळसर असेल तर उत्तम. निळसर पांढऱ्या प्रकाशावर पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी आणि पाखरे अधिक तुटून पडतात. पिवळ्यावर येत नाहीत असे नाही, पण भातात पडण्याइतकी येत नाहीत.

चार्जिंगसाठी यूएसबीचे छिद्र असलेलाच कंदील घ्या, शक्यतो मोबाइलला चालतो तोच टाइप-सी. अंगातूनच दोन पिना बाहेर येणारे आणि थेट भिंतीत खोचायचे स्वस्त दिवे मी टाळतो. त्यांतील बऱ्याच दिव्यांत घरातील २३० व्होल्ट आणि आतील सर्किट यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरची आड नसते, केवळ एक कपॅसिटर असतो. चार्जिंग चालू असताना ओल्या हाताने त्याच्या फुटक्या अंगाला स्पर्श झाला तर झटका बसू शकतो. पावसाळ्यात कोकणात कोरडा हात कुणाचा असतो?

सोलर कंदिलाचा मोह अनेकांना होतो. उन्हाळ्यात तो चांगला चालतो, पण आमच्याकडे वीज जाते ती नेमकी सूर्य दिसत नाही त्या दिवसांत, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. त्याऐवजी आई-वडिलांकडे १०,००० एमएएचची पॉवर बँक असेल, तर तिच्यात ३७ वॉट-अवर असतात आणि पाच व्होल्टवर त्यातील पंचवीसेक हाती लागतात. यूएसबीवर चालणारा ३ वॉटचा साधा बल्ब त्यावर आठ तास चालतो. मात्र काही पॉवर बँका फार कमी वीज ओढली गेली, की मोबाइल भरला असे समजून बंद होतात. अगदी छोटा, अर्ध्या वॉटचा दिवा लावून ती बंद पडली, तर तिच्यात बिघाड आहे असे समजू नका. थोडा मोठा बल्ब लावा.

तेव्हा आपल्या जागी मी असतो तर दोन इन्व्हर्टर बल्ब, यूएसबीवर चार्ज होणारा सुमारे ४००० एमएएचचा एक कंदील आणि परसात जाण्यासाठी एक लांब झोताची विजेरी घेतली असती. भाव दुकानागणिक बदलतात, पण एवढे सारे दोन हजारांच्या आसपास बसायला हरकत नाही. विजेरी वगळू नका. फुरसे हा विषारी साप, ते पाचोळ्यात पडून असते आणि कंदिलाच्या पसरट उजेडात ते दिसत नाही. ती मागच्या दाराच्या चौकटीलाच खिळ्यावर टांगून ठेवायला सांगा, कपाटात नको.

वस्तू आली की पहिल्याच आठवड्यात, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, कंदील पूर्ण चार्ज करून संध्याकाळी सातला पूर्ण तेजावर लावा आणि किती वाजता मंद झाला ते लिहून ठेवा. वर सांगितलेल्या गणिताच्या निम्मेच तास निघाले, तर निःसंकोच परत पाठवा. पुढे महिन्यातून एकदा सारे दिवे चार्जिंगला लावायचे आहेत. पण महिन्यातून एकदा असे सांगितले की कुणाच्याच लक्षात राहत नाही. आमच्या घरी संकष्टीचा दिवस ठरलेला आहे. चंद्रोदयाची वाट पाहत सगळे जागेच असतात, आणि मोदकाचे पातेले चुलीवर चढले की सौ. आधी दिवे प्लगला लावते.