बाहुलीच्या २४ खिडक्यांच्या कॅलेंडरमधले कपडे चांगले असतात का? मुलीसाठी घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहा वर्षांची आहे, डिसेंबरसाठी बाहुलीचं ॲडव्हेंट कॅलेंडर ऑनलाइन साडेतीन हजारांना दिसतंय, नाताळाआधी २४ दिवस रोज एक खिडकी उघडायची आणि आत बाहुलीचे कपडे, तर ते कपडे टिकतात का आणि पैसे वसूल होतात का. मी अमळनेरला लेडीज टेलरिंग करते, सोळा वर्षं झाली, आणि असं एक कॅलेंडर आमच्या घरात पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत उघडलं गेलंय, म्हणून लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही. खिडकी उघडायची मजा खरी आहे, कपडे मात्र सहातले पाच कच्चे निघाले.

२०२३ ची गोष्ट. माझ्या मोठ्या नणंदेचा मुलगा जर्मनीत असतो, त्याने माझ्या मुलीसाठी ते पाठवलं, ती तेव्हा सात वर्षांची होती. ह्या नणंद, म्हणजे ताई, धुळ्याला असतात. डिसेंबरात आमच्याकडे शेतात भरीत असतं, त्याला आल्या आणि चांगल्या वीस-पंचवीस दिवस राहिल्या. पोरीला हे कॅलेंडर समजवायला काहीच वेळ लागला नाही, कारण आमच्याकडे भुलाबाई बसते ना, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज गाणी आणि रोज झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. डबा कानाशी नेऊन हलवायचा, वाजतंय की नाही ते ऐकायचं. तसंच तिने खोका उचलून प्रत्येक खिडकी कानाशी धरली. ताई ह्यात एकदम तरबेज, लहानपणी खिरापत ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरत नव्हतं म्हणे, इथेही त्या आधीच सांगायच्या, आज प्लास्टिक आहे, आज कापड आहे. ते पंधरा मिनिटं घरात सगळे खूश असायचे, ते मी नाकारत नाही.

आता हिशोब. २४ खिडक्यांत एक बाहुली, सहा कपडे आणि बाकी १७ खिडक्यांत हँगर, ब्रश, पर्स, बूट, कप, पुठ्ठ्याचा आरसा असलं. कपड्यांचं कॅलेंडर म्हणून विकतात आणि कपडे सहा.

चौथ्या दिवशी गुलाबी सॅटिनचा फ्रॉक निघाला. सगळे वा वा करत होते, मी आधी तो उलटा केला, शिवणारी बाई कपडा उलटाच बघणार. घेराला दुमड नाही, कापून तसाच सोडलेला. आतली मार्जिन जेमतेम एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इंटरलॉक नाही आणि सॅटिनचे धागे तर नुसत्या हाताने निघतात. पाठीला वरपासून खालपर्यंत वेल्क्रो, त्याची खरखरीत बाजू बाहुलीच्या केसांत अडकायची, प्रत्येक वेळी चार केस उपटून यायचे. नवव्या खिडकीत नेटचा स्कर्ट, तो त्याच वेल्क्रोने फाटला. बाराव्यात टॉप, त्यावर एवढं मोठं फूल की अर्धं छातीवर आणि अर्धं पाठीवर. ही बाहुली साडेअकरा इंची असते, माणसाच्या साधारण सहाव्या हिश्शाने, म्हणजे तिच्या अंगावरचं एक इंची फूल आपल्या अंगावर सहा इंची झालं. असलं फूल आपण सोफ्याच्या कव्हरला लावतो. बावीसाव्यात लाल मखमली गाऊन, दोन दिवस अंगात ठेवला आणि बाहुलीची पाठ गुलाबी झाली, तो डाग साबणाने गेला नाही.

पण सतराव्या खिडकीतला कोट मात्र मी दुकानात नेऊन दिव्याखाली बघितला. बाही आधी सपाट कापडावर मुंढ्याला, म्हणजे बाही बसते त्या खाचेला, जोडलेली आणि मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एकच शिलाई मारलेली. एवढ्याशा मुंढ्यात गोल बाही बसवायला मशीनचा पाय जातच नाही, त्याला हीच रीत. अस्तरही लावलेलं होतं. ज्याने तो शिवला त्याला काम येतं.

आणि फ्रॉकच्या दिवशी ताई काय म्हणाल्या, तर ‘बघ, याला म्हणतात फिनिशिंग.’ हे मला लागलं. का लागलं ते सांगते.

माझं माहेर चोपड्याचं. चौथीपासून मी बाहुलीचे कपडे शिवायचे, आईच्या ब्लाऊजच्या कतरणीतून. लग्नात मी पत्र्याचा बिस्किटांचा डबा सोबत आणला होता, त्यात ३७ कपडे. दीड हाताची नऊवारी काष्ट्यासकट, खरे हुक लावलेलं पोलकं, नेफा आणि नाडी असलेला परकर, फुग्याच्या बाहीचा फ्रॉक. मी शिवण क्लासला जाऊन शिकले ते नंतर, मुंढा कापायला मी त्या डब्यावर शिकले. बाहुलीच्या कपड्यात एक सूत चुकलं की आपल्या अंगावर ते सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. पाऊण इंच चुकलेलं ब्लाऊज कोणती बाई घेऊन जाईल? लहान कपड्यावर हात बसला की मोठा सोपा जातो.

लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, २००९. आखाजीला लेकी माहेरी जातात, म्हणून मी चोपड्याला गेले आणि ताई त्यांच्या माहेरी, म्हणजे आमच्या घरी, अमळनेरला आल्या. त्यांनी माळा आवरला, डबा उघडून ‘हाई काय शे?’ म्हणाल्या आणि आतलं सगळं गोधडीवालीला भर म्हणून देऊन टाकलं. मी परत आले तर डब्यात वाटाणे. विचारलं तर म्हणे चिंध्याच होत्या ना. सासूबाई काही बोलल्या नाहीत. ती गोधडी अजून घरात आहे, एका कोपऱ्यावर हात फिरवला की आतले हुक बोटाला लागतात. तेव्हापासून ताईंचं माझ्याबद्दल एकच म्हणणं, हिचे कतरणीचे चोचले, तेवढ्या वेळात चार ब्लाऊज झाले असते.

तर पंधराव्या खिडकीत पॅन्ट निघाली. एवढी घट्ट की पावलातून वर जाईना, पोरीने ओढली, पायाची शिलाई उसवली आणि ती रडायला लागली. मी तिला दुकानात नेलं, टू बाय टू रुबियाचा, म्हणजे ब्लाऊजच्या सुती कापडाचा, तुकडा घेतला, बारीक सुई लावली, टाका लहान केला आणि पाठीत टिचबटण लावून तासाभरात पॅन्ट दिली, जी तिला स्वतःला घालता काढता आली. चोवीस तारखेपर्यंत पाच कपडे नवे शिवून झाले. ताई शेजारी बसून बघत होत्या आणि परत तेच, चार ब्लाऊज. यावेळी मी गप्प बसले नाही. मी सांगितलं की हे २४ दिवसांचं कॅलेंडर छापून विकायला लागला तो म्युनिकचा गेऱ्हार्ड लांग, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि त्याला ते सुचलं कशावरून तर लहानपणी त्याच्या आईने पुठ्ठ्यावर २४ खाऊ लावून दिले होते त्यावरून असं सांगतात. म्हणजे सुरुवात आईच्या हातची. आणि १९५९ ला बार्बी आली तेव्हा तिचे कपडे जपानमध्ये शिवून यायचे, अस्तर, इवल्याशा चेन, बटणं सगळं खरं, त्यासाठी डिझायनर शार्लोट जॉन्सन जपानला जाऊन राहिली होती. तिला कोणी चिंध्या म्हणालं नाही. ताई म्हणाल्या, ती तिकडची गोष्ट. मी म्हटलं, काप आणि शिलाई तिकडेही तीच असते.

तुमच्या प्रश्नाकडे येते. मुलीला फक्त रोज उघडायची मजा हवी असेल तर घ्या. कपड्यांसाठी घेत असाल तर नका घेऊ, त्या पैशात साधी बाहुली आणि अर्धा मीटर रुबिया घ्या. बारीक नक्षीचा खणसुद्धा बाहुलीला छान दिसतो, पण त्याची दुमड नीट घाला, धागे सुटतात. लाल आणि काळं कापड आधी पाण्यात भिजवा, मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, फडक्याला रंग लागला तर बाहुलीला घालू नका. नोव्हेंबरात सुरू केलं तर सहा-सात कपडे आरामात होतात, रोज एक उघडायला २४ पुड्या करा, कपडे काहींत घाला, बाकी पुड्यांत शेंगदाण्याची चिक्की ठेवा, मुलं तक्रार करत नाहीत.

हां, सगळी कॅलेंडरं अशीच असतात असं मी म्हणत नाही, मी एकच उघडलंय. आणि घेतलंच तर बाहुलीची ठेवण बघा, २०१६ पासून बार्बीतच उंच, बुटकी, भरलेली असे प्रकार आलेत, एकीचे कपडे दुसरीला बसत नाहीत. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर ते बूट आणि कप त्याच्या हाती लागू देऊ नका.

आणि शिवायला बसलात की घरातलं कोणीतरी म्हणेलच, एवढ्या वेळात दुसरं काय काय झालं असतं. त्यांना कपडा उलटा करून आतली शिलाई दाखवा. मी हे ताईंना चौदा वर्षांनी दाखवलं, तुम्ही पहिल्याच दिवशी दाखवा, आणि डबा कुलपात ठेवा.