चार माट्टी, आठ हप्ते

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले एक निवृत्त वाचक लिहितात: वय ६१, पेन्शन २४,०००, बँकेत ठेव १२ लाख. बागायतीच्या कडेला वडिलांच्या वेळची माट्टीची, म्हणजे ऐनाची, चार झाडं आहेत. व्यापारी उभ्या झाडांचे १ लाख २० हजार देतो म्हणतो. आत्ता विकू की दहा वर्षं थांबू? आणि शेवटी एक ओळ: पैसे जानेवारीत विम्याचा तिसरा हप्ता भरायला हवेत.

झाडांचं आधी उरकतो. घेर सहा फूट, सरळ खोड वीस फूट असं तुम्ही लिहिलंय. घेराचा चौथा हिस्सा दीड, त्याचा वर्ग सव्वादोन, गुणिले वीस, म्हणजे झाडामागे ४५ घनफूट. चारांचे १८०, भाव पडला घनफुटाला पावणेसातशेच्या आत. आणखी दोन वखारींत विचारा, पण सागाच्या भावाची आशा सोडा. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा हा आपला राज्यवृक्ष, घाटावरचा ऐन, तुळईला उत्तम. पण लाकूड सुकताना फाटतं. शिवाय १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या जमिनीतलं झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. थांबलात तर नुकसान काहीच नाही.

आता तो हप्ता. वर्षाला २ लाख, दहा वर्षं, पंधराव्या वर्षी ३३ लाख. बँकेतल्या माणसाने 'एफडीसारखंच, पण हमीचं' म्हणून गळ्यात मारलं. वीसाचे तेहतीस ऐकायला छान वाटतं, पण हिशेबाने परतावा जेमतेम ५ टक्के. पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही ७४-७५ चे असाल. महिना २४,००० पेन्शनच्या माणसाला महिना साडेसोळा हजारांचा हप्ता विकणं हा अन्यायच आहे, आणि मला त्याचा राग येतो.

उरलेले हप्ते आठ, झाडं चार. ती सगळी विकूनही जानेवारीला ८० हजार कमी पडतात. पुढच्या वर्षी ठेव मोडाल.

भरलेले ४ लाख पूर्ण बुडाले असं धरू. तरी पुढचे आठ हप्ते ७ टक्क्यांनी साध्या ठेवीत टाकले तर त्याच पंधराव्या वर्षी ३१ लाखांच्या जवळ होतात, ३३ पेक्षा फक्त दोनेक लाख कमी; भरलेल्यातलं काही परत मिळालं तर फरक आणखी घटतो. म्हणजे भरलेल्या पैशांच्या मोहात पुढचे १६ लाख अडकवण्यात काही अर्थ नाही. आणि तेवढे तुमच्याकडे आहेत तरी कुठे? त्यापेक्षा ती १२ लाखांची ठेव मुदत संपेल तशी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत न्या. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २४,६०० खात्यात येतील.

कंपनीकडून आजचं सरेंडर मूल्य (पॉलिसी आत्ता बंद केली तर परत मिळणारे पैसे) आणि पेड-अप रक्कम (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी कमी रक्कम), दोन्ही लेखी मागवा. 'एफडीसारखंच' म्हणून विकल्याची तक्रारही त्याच पत्रात लिहा. दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जा, तिथे फी लागत नाही. आकडे आले की मला पाठवा. आणि खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची सूचना दिली असेल, तर ती याच आठवड्यात बँकेत जाऊन रद्द करा, पोच घ्या.