हात माउसकडे जातो कशाला?

प्रश्न : मी दिवसभर पत्रं आणि अहवाल टाइप करते. कीबोर्डच्या शंभरेक शॉर्टकटची यादी छापून मॉनिटरशेजारी चिकटवली, त्याला सहा महिने झाले. कंट्रोल-सी (कॉपी) आणि कंट्रोल-व्ही (पेस्ट) सोडले तर एकही अंगवळणी पडला नाही. शेजारी बसणारी मुलगी मात्र माउसला हातही न लावता काम उरकते. माझं वय आड येतंय का?

उत्तर : वयाचा काही संबंध नाही, दोष त्या यादीचा आहे. ती आधी काढा. माझ्या टेबलाच्या काचेखालीही अशी एक यादी वर्षभर होती. तिच्यातला एकही शॉर्टकट मला यादी बघून आला नाही. शॉर्टकट बोटांना पाठ व्हावा लागतो आणि त्यासाठी तो दिवसातून वीसदा कामी यावा लागतो.

उद्या एवढंच करा. हात माउसकडे निघाला की तो कशासाठी निघाला ते कागदावर लिहा आणि त्यापुढे रेघ मारा. संध्याकाळी ज्या कामापुढे सर्वांत जास्त रेघा दिसतील, त्याचा शॉर्टकट शोधा. एकच. दुसरा पुढच्या आठवड्यात.

मला वाटलं होतं, माझ्या रेघा सेव्ह आणि प्रिंटपुढे असतील. निघाल्या त्या कर्सर हलवण्यापुढे! तुमचंही काम टाइपिंगचं, तेव्हा हेच निघेल असा माझा अंदाज. समजा, तुम्ही ओळीच्या शेवटी आहात आणि चार शब्द मागे एक शब्द चुकलाय. माउसने जायचं तर हात उचला, पडद्यावर माउसचा बाण शोधा, तो नेमका दोन अक्षरांच्या मधे टेकवा. वेलांट्या-मात्रांच्या गर्दीत तो हमखास चुकतो. त्यापेक्षा कंट्रोल दाबून धरा आणि डाव्या बाणाचं बटण चार-पाचदा मारा. कर्सर शब्दाशब्दाने उड्या मारत मागे येतो. आता कंट्रोलच्या जोडीला शिफ्ट धरून उजवा बाण एकदा. शब्द निवडला गेला, त्यावरच नवा टाइप करा. पुढची मोकळी जागाही बहुधा निवडीत येते, तेव्हा ती उरली का ते बघा, नाहीतर दोन शब्द एकमेकांना चिकटतात. आणि नुकताच लिहिलेला शब्दच फसला असेल, तर कंट्रोल-बॅकस्पेस. अख्खा शब्द एका दणक्यात जातो.

तुम्हाला येणारे ते दोन का आले, तेही बघा. झेड (केलेलं मागे घेणं), एक्स (कट), सी, व्ही ही अक्षरं खालच्या ओळीत ओळीने बसलीत, कंट्रोलच्या अगदी जवळ. कट-कॉपी-पेस्टची कल्पना लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत घडवली. ही अक्षरं १९८३ च्या ॲपल लिसा संगणकावर आली. जागा सोयीची, वापर रोजचा. मग यादी कशाला लागते?

आणखी एक सांगतो, कारण त्यात माझे हात पोळलेत. एक लांब परिच्छेद कट केला, तो पेस्ट करायच्या आधी मधेच एक फोन नंबर कॉपी केला आणि परिच्छेद गेला. त्या दिवशी कंट्रोल-झेडने वाचवलं. विंडोज १० किंवा ११ असेल, तर विंडोजचं बटण धरून व्ही दाबा. कॉपी केलेल्या गोष्टी साठवणं चालू करायची परवानगी पहिल्यांदा मागेल. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे दिसतात, हवी ती निवडा. मात्र कॉपी केलेला पासवर्डही तिथेच दिसतो. संगणक दोघा-तिघांत असेल तर सांभाळून.

प्रश्न : एक्सेलमध्ये बाणाची बटणं दाबली तर चौकट पुढे जात नाही, सगळं पानच सरकतं. कीबोर्ड बिघडला का?

उत्तर : नवा विकत घेऊ नका. स्क्रोल लॉक चुकून दाबला गेलाय. एक्सेलच्या तळपट्टीत डावीकडे त्याचं नावही बहुधा दिसेल. तेच बटण पुन्हा दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर ते नसतंच. तिथे विंडोज-कंट्रोल-ओ दाबा, पडद्यावर कीबोर्ड उघडतो, त्यातल्या स्क्रोल लॉकच्या बटणावर क्लिक करा. होय, माउसने.