पक्षी ओळखलास, आता पेशंटकडे जा

प्रिय डॉक्टर,

काल मीटिंगमध्ये एमआरआय पडद्यावर येताच तू ‘हमिंगबर्ड!’ म्हणालीस. बरोबरच होतं. मेंदूचा मधोमध घेतलेला उभा काप, मिडब्रेन (मेंदूच्या देठाचा वरचा भाग) झिजून चोच आणि डोकं तेवढं उरलेलं, खाली पॉन्सचं, म्हणजे देठाच्या मधल्या भागाचं, पोट मात्र गरगरीत. पीएसपीचं, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या मेंदू झिजण्याच्या आजाराचं, नेहमीचं चित्र. मग मी विचारलं, ‘आजोबांना नजर खाली नेता येते का? पडायला कधीपासून लागले? मागे पडतात की पुढे?’ तर तू फाईल चाळायला लागलीस. हे पत्र त्या चाळण्यामुळे लिहितोय.

स्टील, रिचर्डसन आणि ओल्झेव्स्की यांनी १९६४ मध्ये हा आजार मांडला तेव्हा एमआरआय नव्हता. त्यांच्यासमोर होती अडकलेली नजर, ताठर मान आणि मृत्यूनंतर तपासलेला मेंदू. पक्षी फार उशिरा आला.

असल्या प्राण्या-पक्ष्यांच्या नावांशी माझं वैर नाही. विल्सन या शरीरात तांबं साठण्याच्या आजारातला पांडा एकदा दिसला की विसरत नाही: उजळलेल्या मिडब्रेनमध्ये रेड न्यूक्लियस या पेशींच्या जोडपुंजक्याचे दोन काळे डोळे. आणि तो विसरून चालतही नाही, कारण साठलेलं तांबं औषधाने काढता येतं. पण सगळ्यात मजेशीर भिंगरी पक्ष्याची शेपूट. ती निरोगी माणसात दिसते! मिडब्रेनमधल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातला नायग्रोसोम-१ नावाचा छोटा भाग चांगल्या एमआरआयवर उजळ दिसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या रेषा, म्हणून ती दुभंगलेली शेपूट. पार्किन्सन्समध्ये ती नाहीशी होते. म्हणजे इथे जे दिसत नाही ते शोधायचं. त्यातही गोम अशी, की पीएसपीमध्येही ती जाऊ शकते. शेपूट नाही म्हणून पार्किन्सन्स असं लिहिलंस, तर काल ओळखलेला तुझाच पक्षी तुला खोटं पाडेल. शिवाय रुग्णाचं डोकं जरा हललं तरी शेपूट पुसट होते, तेव्हा आधी फिल्मचा दर्जा बघ.

आता माझी एक चूक सांगतो. रेसिडेंट असताना एका बाईंचे ओठ वरखाली थरथरत होते, सेकंदाला पाचेक वेळा, आणि जीभ अगदी स्थिर. मानसिक आजाराची औषधं बरीच वर्षं चालू होती. मी हुशारीने पलंगाशेजारीच म्हणालो, ‘रॅबिट सिंड्रोम, सशासारखं तोंड.’ बाईंनी पदर ओठांवर धरला. पुढची तपासणी त्यांनी करू दिली नाही. निदान बरोबर होतं, पण ते मी मुलासारखं ओरडून सांगितलं. तेव्हापासून पेशंटसमोर मी ‘ओठांचा कंप’ म्हणतो. हाताच्या मीडियन नर्व्हच्या इजेत अंगठ्याच्या मुळाचा फुगवटा चपटा पडतो, त्याला पुस्तकं माकडाचा हात म्हणतात. तो शब्द तर मी नोंदीतही लिहीत नाही. ‘अंगठा तळव्यासमोर आणता येत नाही’ एवढं पुरतं, आणि ते वाचणाऱ्याला जास्त सांगतं.

उद्या राउंडच्या आधी त्या आजोबांकडे जा. बोट वरून खाली ने, डोळे कुठे थांबतात ते बघ. मग मान तूच हळूच वाकव आणि डोळे स्थिर वस्तूवर राहतात का ते पाहा, कारण अडचण मेंदूतून येणाऱ्या वरच्या आज्ञेत आहे की खाली डोळ्यांच्या स्नायूंत, ते तिथेच कळतं. घरच्यांना विचार, जेवताना ताटातलं दिसतं का. जिना उतरवायचा असेल तर हात सोडू नकोस.

मी साडेआठला येतो.

— सर