श्वासाबरोबर गाठ हलते, मग प्रोटॉनचा शेक नेमका बसतो कसा?

प्रश्न : माझ्या आप्पांच्या (वय ६६) लिव्हरमध्ये गाठ आहे, खारघरला टाटाच्या सेंटरमध्ये प्रोटॉनचा शेक (रेडिएशन) घ्यायचं चाललंय आणि श्वास रोखायची प्रॅक्टिस करा म्हणून सांगितलंय. आप्पा तरुणपणी तालमीतले, दम चांगला आहे, पण आता मधेच खोकला येतो. किरण चालू असताना ठसका लागला तर भलतीकडंच लागणार नाही का? – एक लेक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी ठसक्याचंच सांगतो. आप्पा आत एकटे असले तरी बाहेर कॅमेऱ्यावर माणूस बघत असतो, आणि श्वास रोखून शेक देतात तेव्हा पोट-छातीच्या हालचालीवरपण नजर असते, ती ठरलेल्या हद्दीबाहेर गेली की बीम, म्हणजे किरणांचा झोत, थांबवतात. खोकून झालं, श्वास बसला, की राहिलेलं तिथनं पुढं. त्यामुळं ठसका दाबून धरू नका म्हणावं, हात हलवून खुणवायचं.

आता एवढी खटपट कशाला, तर साध्या शेकाचा एक्स-रे आरपार जातो, प्रोटॉन हा अणूतला बारीक कण, तो मात्र ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतो, त्यामुळं गाठीच्या मागचं अंग वाचतं. पण किती खोल जाणार हे वाटेत काय लागतं त्यावर. लिव्हर श्वासाबरोबर एक-दोन सेंटीमीटर खालीवर होतं, आणि वाटेत हवेनं भरलेलं फुफ्फुस आलं की प्रोटॉन जास्त पुढं जातो. शिवाय हा बीम ठिपक्यांच्या रांगोळीसारखा एकेक ठिपका, एकेक थर भरत जातो, मधेच खालची फरशी सरकली तर कुठं ठिपके दुप्पट पडणार आणि कुठं जागा कोरी राहणार, तसंच होतं हे. म्हणून आधी फोर-डी सीटी (हालचालीसकट टिपणारा स्कॅन) करून एका श्वासाचे साधारण १० टप्पे बघतात आणि गाठ कुठनं कुठं जाते ते मोजतात.

श्वास धरणं जमलं नाही तर काय, ही काळजी नको. हालचाल कमी व्हावी म्हणून पोटावर पट्टा बांधतात, किंवा श्वासाच्या ठराविक टप्प्यालाच बीम सोडतात, किंवा तोच थर थोडा थोडा करून अनेकदा रंगवतात म्हणजे चूकभूल सरासरीत भरून निघते.

पण आप्पांना एक नक्की सांगा, इथं तालमीतला दम दाखवायचा नाही! छाती फुगवून मिनिटभर धरणं नकोय, साधारण १५-२० सेकंद पुरतात, फक्त दर वेळी तेवढाच श्वास पाहिजे. लिव्हरसाठी बऱ्याचदा श्वास सोडून थांबायला सांगतात कारण तिथं ते जास्त स्थिर असतं, तेव्हा घेऊन धरायचा का सोडून, हे पहिलं विचारून घ्या, नाहीतर उलटीच सवय लागायची. खोकल्याचं औषध प्लॅनिंगच्या स्कॅनच्या आधीच सुरू करून घ्या. आणि प्रॅक्टिस रंकाळ्यावर चालताना किंवा खुर्चीत बसून नको, उताणं झोपून, हात डोक्यावर घेऊन करा, बहुतेक तिथं तसंच झोपवतील.