“कण्यातून काढत्यात का हो?”

“सुनंच्या पाठीच्या कण्यातून काढणार म्हणं. पुढं तिला मूलबाळ नाही झालं तर?” कराडकडच्या त्या सासूबाईंनी खुर्चीत टेकण्याआधीच विचारलं. बोन मॅरो ट्रान्सप्लांटआधी मी दात्यांशी बोलते. त्यांच्या घरचे हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि मला त्याचा कधी राग येत नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सुनेच्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर, एएमएल. केमोने आजार आटोक्यात आला होता, पण उलटायची भीती मोठी, म्हणून डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दात्याच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी चढवणं, सांगितलेलं. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांचा संच, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. हिचा जुळला होता.

कण्याला कुणी हात लावत नाही, हे मी आधी सांगितलं. चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्याने हाडांतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. इंजेक्शनांच्या दिवसांत कंबर, मांड्या ठणकतात. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढतं. पेशी दिल्याने मूल व्हायला अडचण येत नाही. फक्त देईपर्यंत दिवस राहायला नकोत. मूल न होण्याची भीती खरी आहे ती भावासाठी, केमोच्या जबर डोसांमुळे. म्हणून वीर्य गोठवून ठेवण्याचं बोलणं केमोआधीच व्हायला हवं. घाईत ते राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग सुनेला एकटीला भेटले. दात्याला एकटं भेटल्याशिवाय मी पुढे जात नाही. “नको वाटत असेल तर आत्ताच सांग. त्याची ट्रान्सप्लांटची केमो सुरू झाली की त्याचा स्वतःचा मॅरो संपतो. तेव्हा मागे फिरलीस तर त्याच्या जिवावर बेतेल.”

ती फाइलचा कोपरा दुमडत राहिली. “द्यायचंय मला. पण माझं देऊनही तो नाही राहिला तर? आई म्हणेल, तायडीचं लागलं नाही.”

मी तिला खोटा धीर दिला नाही. आजार पुन्हा उलटू शकतो. नव्या पेशी भावाच्या अंगालाच परकं समजून त्रास देऊ शकतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. त्यासाठी औषधं असतात. पण यातलं काहीही तिच्या हातात नाही. हेच सगळं मी तिच्या आईला सांगितलं, तिच्यासमोर. आई काहीच बोलली नाही, नुसती ऐकत राहिली.

पेशी काढायच्या दिवशी दोन्ही हातांत सुया. ओठांना मुंग्या आल्या, नर्सने कॅल्शियम दिलं. नाक खाजलं तेव्हा सासूबाईंनी पदराने खाजवून दिलं, आणि मग चार तास स्टूल सोडलं नाही. त्याच संध्याकाळी भावाला ती पिशवी रक्तासारखीच चढवली.

तिसऱ्या आठवड्यात पेशी रुजल्या. पुढे महिन्याभराने त्याच्या तळहातांवर, छातीवर लाल पुरळ आलं. मी आईजवळ बसले होते तेव्हाच लेकीचा गावाहून फोन आला. आईने स्पीकर लावला.

“आई, माझ्याच पेशी ना गं त्या?”

“डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात,” आई म्हणाली. “तायडे, तू जेवलीस का?”